शेजारच्या सीटवर कोण?

आपल्यातले बरेच जण वडापने शिकले. फाट्यावर उभे राहायचे, जीप आली की मिळेल तिथे टेकायचे, जागा नसेल तर मागच्या पायरीवर लटकायचे आणि तालुक्याचे कॉलेज गाठायचे. कुठे त्याला वडाप म्हणतात, कुठे काळी-पिवळी, कुठे टमटम. गाडी एकाची, प्रवासी दहा-बारा, भाडे ठरलेले. इंधन वाचवा, रस्ता मोकळा ठेवा, असे तेव्हा कोणी सांगत नव्हते. दुसरा इलाजच नव्हता.

आता त्याच मुलामुलींना ऑफिसच्या ईमेलवर एचआरचे आवाहन येते. एकटे गाडीने येऊ नका, सहकाऱ्याला सोबत घ्या. चौघे एका गाडीतून आलात तर लिफ्टजवळचे पार्किंग मिळेल, महिनाअखेरीला एखादे कूपनही मिळेल. नाव नवे, कारपूल. गोष्ट जुनीच.

आवाहन चांगले आहे आणि आम्ही त्याच्या बाजूने आहोत. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचून आमचा विरोध आहे असा समज व्हायला नको. पण कोणी कोणाच्या शेजारी बसायचे हा या देशात कधीच नुसता वाहतुकीचा प्रश्न नव्हता. म्हणून गाडीतली रिकामी जागा भरताना ती कशी भरली जाते, कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे पाहणे आपले काम आहे.

उदाहरणासाठी चेन्नईतले मैलापूर घेऊ. कपालीश्वरर मंदिराच्या चारी बाजूंच्या माड वीथी, लझ कॉर्नर, कचेरी रोड. मद्रास इलाख्यातले बडे वकील, न्यायाधीश आणि सरकारी अधिकारी एके काळी याच भागात राहत. त्यांत मराठी बोलणारेही होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव हे तंजावरकडच्या मराठी ब्राह्मण घराण्यातले. १८९१ साली ते मैलापुरातच वारले. ज्या बडोद्याचे ते दिवाण होते, त्याच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी पुढे १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली. त्या शिष्यवृत्तीने जो रस्ता उघडला, त्यावरून चालत आलेली मुले-मुली आज लॅपटॉपची बॅग घेऊन चेन्नईला उतरतात. माधवरावांच्या मैलापुरात खोली शोधतात आणि पहिला प्रश्न ऐकतात, व्हेज की नॉनव्हेज?

खोली मिळाली, तरी नोकरी असते दक्षिणेला, ओएमआरवर. २००० साली तरमणीत टायडेल पार्क सुरू झाले आणि पुढे शोलिंगनल्लूर, सिरुसेरीपर्यंत कंपन्यांची रांग लागली. मैलापूर ते सिरुसेरी साधारण ३० किलोमीटर. हिशेब सोपा आहे. जाऊन-येऊन ६० किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे १,३२० किलोमीटर. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०० रुपये लिटर आहे असे धरले, तर ८८ लिटर लागतात आणि ८,८०० रुपये जातात. तेच चौघांत वाटले तर माणशी २,२०० रुपये. पहिल्या पगारातून गावी पैसे पाठवणाऱ्याला, धाकट्या बहिणीची फी भरणाऱ्याला ६,६०० रुपये म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. आणि चार गाड्यांऐवजी एकच निघाली, तर रस्त्यावरच्या तीन गाड्या कमी होतात. चेन्नई असो, हिंजवडी असो की ऐरोली, हा हिशेब सगळीकडे सारखाच.

इथवर कोणाचाच वाद नाही. वाद सुरू होतो तो गाडीचे दार उघडताना.

समजा, ऑफिसच्या ग्रुपवर कोणी लिहिले, ‘मैलापूरहून सकाळी आठला निघतो, तीन जागा आहेत.’ आपण हात वर केला. पहिल्या दिवशी गप्पा होतात. मूळ गाव कुठले? वडील काय करतात? घरी मासे चालतात का? तामिळनाडूत बहुतेकांच्या नावापुढे आडनाव नसते, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. जातीची उपनावे टाकून द्यावीत असा ठराव स्वाभिमान चळवळीच्या चेंगलपट्टू परिषदेने १९२९ साली केला होता, आणि तिथल्या सार्वजनिक जीवनावर त्याची खूण आजही आहे. त्यामुळे तमिळ सहकाऱ्याला आपल्या आडनावातून काही कळत नाही. तो प्रश्नांतून अंदाज घेतो. मराठी सहकाऱ्याला मात्र प्रश्न विचारावा लागत नाही. आडनाव ऐकताच त्याच्या डोक्यात नकाशा उघडतो. परमुलखात मराठी माणूस भेटला म्हणून आपल्याला आनंद होतो, आणि नेमके तिथेच जपून बोलावे लागते. हा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे.

पुढे कोणी भांडत नाही. कोणी ‘तू नको’ म्हणत नाही. आठवड्याने निरोप येतो, ‘अरे, उद्यापासून जरा लवकर निघतोय.’ नंतर, ‘मिसेसची मैत्रीण पण येणार आहे, जागा नाही.’ मग ग्रुपवर विचारलेला प्रश्न सगळे वाचतात आणि उत्तर कोणीच देत नाही. एकदा झाले तर योगायोग म्हणता येतो. दुसऱ्या, तिसऱ्या गाडीतही तेच घडले की माणूस स्वतःलाच तपासू लागतो. आपलेच काही चुकले का? डब्याचा वास आला का? बोलताना काही कमी-जास्त झाले का? जात उघड अपमान करते तेव्हा निदान तिचे नाव घेता येते. ‘वेळ जुळत नाही’ असे म्हणून आली की तिचे नाव घेणाराच संशयी ठरतो.

प्रत्येक नकारामागे जात असते, असे आम्ही म्हणत नाही. वेळ खरोखरच जुळत नाही, गाडी खरोखरच भरते. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांना वाहनात बसण्याचा हक्कच नव्हता, त्यांनी हा प्रश्न विचारणे म्हणजे उगाच जात उकरणे नव्हे.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग लिहून ठेवले आहेत. त्यांतले दोन वाहनांचे आहेत. पहिला १९०१ चा. वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. कपडे नीटनेटके, खिशात पैसे. तरी ती महार आहेत असे कळताच बैलगाडीवाले मागे हटले. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. आता ते बॅरिस्टर होते आणि मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. त्यांना बसवून टांगा हाकायला टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने देतो, हाकणार नाही, असे त्याचे म्हणणे. मग वस्तीतल्या ज्या माणसाने कधी टांगा हाकला नव्हता त्याने तो हाकला. पुलावर चाक अडकले, घोडा आणि टांगा खाली गेले, बाबासाहेब दगडी फरसावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

दोन्ही प्रसंगांत पैशाची अडचण नव्हती. मसूरला दुप्पट भाडे दिले होते, चाळीसगावला भाडे द्यायची तयारी होती. प्रश्न एकाच गाडीत शेजारी बसण्याचा होता. मधल्या अठ्ठावीस वर्षांत मुलगा बॅरिस्टर झाला, पण गाडीवाला होता तिथेच राहिला. पदवीने आपोआप जागा मिळते असे मानणाऱ्या प्रत्येक पहिल्या पिढीच्या पदवीधराने हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत.

तामिळ मुलखातही हेच होते. रामनाड जिल्ह्यात खाजगी बसवाले दलितांना बसमध्ये घेत नसत. स्वाभिमान चळवळीतले डब्ल्यू. पी. ए. सौंदरपांडियन जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी बसवाल्यांना बजावले की प्रवाशाला जातीवरून नाकाराल तर परवाना जाईल. बसची दारे उघडली. चेंगलपट्टूच्या १९२९ च्या परिषदेचे अध्यक्षही तेच होते. मैलापूरपासून जवळच असलेल्या त्यागरायनगरातल्या पाँडी बझारला त्यांचे नाव आहे. खरेदीला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असते, कोण जाणे.

सौंदरपांडियन यांच्या त्या आदेशातली मेख लक्षात घ्या. त्यांनी बसवाल्यांच्या मनाला हात घातला नाही, परवान्याला घातला. स्वातंत्र्यानंतर कायद्यानेही तोच मार्ग धरला. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वाहन नाकारणे हा गुन्हा ठरवला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास अडवणे, नवरदेवाला घोड्यावर बसू न देणे हाही गुन्हा ठरवला. वाहन आणि जात यांचा संबंध आम्ही शोधून काढलेला नाही. तो संसदेने कायद्यात लिहिला आहे.

पण कायद्याचा हात बसच्या दारापर्यंत पोहोचतो. खाजगी गाडीच्या दारापर्यंत तो तसा पोहोचत नाही. आपल्या गाडीत कोणाला बसवायचे, हे मालक ठरवतो. बसमध्ये तिकीट काढले की जागा आपली, कंडक्टर गाव विचारत नाही. खाजगी गाडीत जागा हक्काची नसते, मर्जीची असते. म्हणजे कामावर जाण्याचा प्रवास बसमधून कारपूलमध्ये गेला, तर तो हक्काकडून मर्जीकडे गेला. कंपन्या पर्यावरणाच्या नावाने हे करतात तेव्हा त्यांचा हेतू वाईट नसतो. पण मर्जीच्या जागी नियम आणायची जबाबदारी मग त्यांचीच आहे.

कोणी म्हणेल, एवढे काय त्यात? नाही मिळाली गाडी तर लोकल आहे. तिरुमयिलै स्थानकातून तरमणी, पेरुंगुडीला गाडी जातेच. खरे आहे. पण गाडीत फक्त प्रवास होत नाही. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास चार माणसे एका बंद डब्यात बसतात. कोणत्या टीममध्ये जागा निघणार आहे, कोणता मॅनेजर सोडून चालला आहे, परदेशी जाणाऱ्यांची यादी कधी लागणार, पगारवाढीच्या वेळी काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही, हे सारे तिथे बोलले जाते. ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या नोकऱ्या आहेत, त्यांना यातले निम्मे जेवणाच्या टेबलावर कळलेले असते. आपल्या घरी ‘अप्रेझल’ म्हणजे काय हे सांगायला कोणी नव्हते. मुलगा मोठ्या कंपनीत लागला एवढे आईला पुरेसे होते. म्हणून ती रिकामी सीट आपल्यासाठी पेट्रोलच्या पैशांपेक्षा महाग आहे. तिथून बाहेर राहणे म्हणजे ऑफिसच्या निम्म्या कामकाजातून बाहेर राहणे.

आता याची दुसरी बाजू पाहू. गाडी वाटून घेणे हे जातिअंताच्या, वर्णभेदविरोधी लढ्याचे हत्यारही होऊ शकते, आणि ते झालेले आहे. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात बसमध्ये काळ्यांनी मागे बसायचे, गोरा आला की उठायचे, असा नियम होता. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स उठल्या नाहीत. ५ डिसेंबरपासून काळ्या समाजाने बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. हजारो मोलकरणी, मजूर, शिक्षक रोज कामावर कसे गेले? बरेच पायी गेले. बाकीचे एकमेकांच्या गाड्यांतून गेले. सुमारे ३०० गाड्या, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा, चर्चने घेतलेल्या मोठ्या गाड्या. काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच, दहा सेंट भाडे घेतले. हे मोडण्यासाठी प्रशासनाने टॅक्सीच्या किमान भाड्याचा नियम पुढे केला, विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले, अखेर शहराने न्यायालयातून या गाडी-व्यवस्थेवर मनाई मिळवली. ती मनाई मिळाली त्याच दिवशी, १३ नोव्हेंबर १९५६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेद घटनाबाह्य ठरवला.

यातली एक गोष्ट आपण उचलायला हवी. माँटगोमेरीत ज्याच्याकडे गाडी होती त्याने ती फक्त आपल्यासारख्या शिकलेल्यांसाठी काढली नाही. प्राध्यापकाच्या गाडीत मोलकरीण बसली. आणि सगळ्यांचे लक्ष्य एकच होते, सगळ्यांसाठी समान बस. गाडी हा त्या लढ्याचा मार्ग होता, मुक्काम बसच होती.

मैलापुरात हे आठवायचे कारण आहे. चेन्नईच्या मध्यवस्तीतल्या, कालव्याकाठच्या आणि नदीकाठच्या झोपडपट्ट्यांतली हजारो कुटुंबे गेल्या पंचवीस वर्षांत कण्णगी नगर, सेम्मंचेरी, पेरुंबाक्कम इथल्या वसाहतींत हलवली गेली. त्यांत दलित मोठ्या संख्येने आहेत. २०२२ साली मैलापूरच्या दक्षिणेला, बकिंगहॅम कालव्याकाठी गोविंदसामी नगरातली घरे पाडली जात असताना तिथल्या एका रहिवाशाने पेटवून घेतले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. ज्या वसाहतींत या शहराने आपले गरीब नेऊन ठेवले, त्या याच ओएमआरच्या पट्ट्यात आहेत. तिथल्या अनेक बायका आजही धुण्या-भांड्यांसाठी जुन्या मोहल्ल्यांत येतात. म्हणजे सकाळी आठला तीन रिकाम्या सीटची गाडी मैलापूरहून दक्षिणेला जाते, आणि त्याच वेळी गच्च भरलेली बस दक्षिणेकडून मैलापूरच्या दिशेने येत असते. रस्ता एकच. तामिळनाडू सरकारने मे २०२१ पासून साध्या शहर बसमध्ये महिलांना मोफत प्रवास दिला आहे, म्हणून ती बाई निदान तिकिटाच्या चिंतेतून सुटली. पण बस मिळेल तेव्हा. गाडी वाटून घेण्याच्या मोहिमेत बसच्या मागणीचा विसर पडला, तर ती मोहीम फक्त गाडीवाल्यांच्या सोयीची ठरते. मैलापूरहून सिरुसेरीपर्यंत मेट्रोचे काम चालू आहे. ती धावू लागेल तेव्हा तिचे तिकीट कोणाला परवडेल, हाही आपलाच प्रश्न आहे.

मग ऑफिसात काय मागायचे? पहिले, जोड्या मालकाच्या पसंतीने नव्हे तर मार्ग आणि वेळ पाहून लागाव्यात. यादीत पूर्ण नाव नको, कर्मचारी क्रमांक आणि थांबा पुरे. दुसरे, राखीव पार्किंग आणि कूपन ही कंपनीची सोय आहे. ती घेणाऱ्याने कंपनीचा भेदभावविरोधी नियम गाडीतही पाळला पाहिजे. त्या नियमात जात हा शब्द स्पष्ट लिहिलेला असावा. पुष्कळ ठिकाणी धर्म, लिंग, वंश असते आणि जात नसते. तिसरे, खर्चवाटपाचे सूत्र लेखी असावे. इंधन आणि पार्किंग भागिले माणसे, नफा नाही. खाजगी नंबराच्या गाडीतून भाडे कमावणे हा वेगळा मामला आहे, त्याबाबत आपापल्या राज्याचा नियम पाहावा. चौथे, कंत्राटी कर्मचारी, सुरक्षारक्षक, साफसफाई आणि कँटीनचे लोक या यादीत असलेच पाहिजेत. ते वगळून केलेले ‘शेअरिंग’ म्हणजे जुनी पंगत नव्या टेबलावर. पाचवे, रात्रपाळीच्या महिलांना सुरक्षित घरी पोहोचवणे हे कंपनीचे काम आहे. कारपूल सुरू झाले म्हणून ऑफिसची बस किंवा रात्रीची गाडी बंद होता कामा नये.

हे मागायला बंड करावे लागत नाही. एचआरच्या आवाहनाला उत्तर म्हणून चार ओळींचा ईमेल पुरतो. एकट्याने पाठवण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून पाठवावा. एकट्याचे म्हणणे तक्रार ठरते, सहा जणांचे म्हणणे सूचना ठरते.

आणि थोडे आपल्याच घरातले. आपल्यातल्या अनेकांनी आता पहिली गाडी घेतली आहे. हप्ते चालू आहेत. गाडी दारात आली त्या दिवशी आईने तिला हळद-कुंकू लावले किंवा काचेवर निळा झेंडा चिकटवला. त्या गाडीत आता कोण बसते? पदोन्नती झाली, सोसायटी बदलली, की आपलेही मागच्या सीटवरचे लोक बदलतात. नव्याने लागलेला, इंग्रजीत अडखळणारा, फाटक्या बॅगेचा मुलगा थांब्यावर दिसतो, आणि आपणही काच वर करतो. ऑफिसात आपली ओळख लपवून राहणाऱ्याला तर ‘आपल्यातला’ माणूस गाडीत घेण्याचीच भीती वाटते. ही भीती का असते हे आम्हाला माहीत आहे, म्हणून त्यावर टोमणा मारत नाही. पण भीती तशीच ठेवली तर पुढच्या मुलालाही तीच वारसा म्हणून मिळेल.

म्हणून उद्या निघताना मागे पाहा. तीन जागा रिकाम्या असतील तर एक नव्याने लागलेल्या मुलीला किंवा मुलाला द्या. तिला पगारवाढीचा अर्ज कसा लिहायचा ते सांगा. दुसरी ऑफिसच्या सुरक्षारक्षकाला द्या, त्याची पाळी तुमच्याच वेळेला सुटते. तिसरी ज्याला तुमची जात कळल्यावर अवघडायला होईल त्याच्यासाठी ठेवा. त्याने बसायचे की नाही, हे त्याला ठरवू द्या. मसूरच्या गाडीवाल्याने गाडीच्या बाजूने चालण्याची अट घातली होती. शंभराहून जास्त वर्षे झाली. आता गाडी आपली आहे, आणि आपण कोणालाही बाजूने चालायला लावणार नाही.